पोर एका जागी बसत नाही, दोष कुणाचा?



प्लॉट पाहायला गेलो की उसाचं बोलणं संपतं आणि पोराचं निघतं. "साहेब, घडीभर बसत नाही, अभ्यासात ध्यान नाही. आईनं लाडावलाय." घरी आणि शाळेत, दोन्हीकडे सहा महिने असंच चालत असेल तर ती अतिचंचलता असू शकते. तिचं मूळ बरंचसं बेण्यात असतं.

एकाच उसाच्या दोन टिपऱ्या लावल्या तर वाण एकच. एका बीजाची जुळी मुलं तशीच. कोइमतूरला तुऱ्यातल्या बियांपासून केलेली रोपं मात्र भावंडं असूनही वेगवेगळी. दोन बीजांची जुळी तशी. तज्ज्ञांनी दोन्ही जोड्या ताडून पाहिल्या. एका बीजाच्या जुळ्यांत दोघेही अतिचंचल असण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. मुलामुलांतल्या या फरकात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के धरतात. जनुक एकच नाही. २०२३ च्या अभ्यासात गुणसूत्रांवर २७ ठिकाणं आढळली, प्रत्येकाचा परिणाम थोडाथोडा. तेव्हा बापानंही स्वतःचं लहानपण आठवावं; आईला बोल लावू नये.

पण वाण ठरला म्हणून उतारा ठरत नाही. को ८६०३२ निचऱ्याच्या रानात एक, कृष्णाकाठच्या चोपणात दुसरा. मारून वाण बदलत नाही, मशागत बदलावी. काम लहान तुकड्यांत द्यावं, वेळ ठरवावी, जमलं की लगेच शाबासकी द्यावी. सातारा-सांगलीच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवावं. गरज असल्यास औषधही आहे. शाळा मात्र सोडवू नये.

- ऊस विकास अधिकारी