राजालाही न मिळालेले पुस्तक

इंग्लंडला मुलाकडे गेलो असताना ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बोडलियन ग्रंथालयाचे वाचकपत्र काढले. ते हाती पडण्यापूर्वी शपथ घ्यावी लागते, आणि तीही मोठ्याने! पुस्तकांवर खुणा करणार नाही, आत आग किंवा ज्योत आणणार नाही, धूम्रपान करणार नाही. साठी उलटलेला मी शाळकरी पोरासारखा शपथ वाचत होतो आणि चिरंजीव गालातल्या गालात हसत होते.

सर टॉमस बोडली या निवृत्त मुत्सद्द्याने पदरचा पैसा ओतून तिथले उजाड पडलेले ग्रंथालय १६०२ साली पुन्हा उघडले. १६१० मध्ये लंडनच्या मुद्रक-विक्रेत्यांच्या संघाशी करार केला : छापाल त्या पुस्तकाची एक प्रत आम्हाला द्या. आज छापील ग्रंथ वगैरे एक कोटी तीस लाखांच्या वर आहेत. जागा पुरेना म्हणून २०१० साली स्विंडनजवळ कोठार उघडले. तिथल्या फळ्या सुमारे २४५ किलोमीटर. म्हणजे मुंबईहून निघून, पुणे मागे टाकून साताऱ्याच्या आसपास पोचाल!

पुस्तक घरी न्यायचे मात्र नाव नको. १६४५ साली खुद्द राजा पहिल्या चार्ल्सने एक पुस्तक मागवले. ग्रंथपालाने नियम दाखवला आणि राजाने तो मानला!

पण वाचकहो, एवढ्या कडक घरातूनही एकदा पुस्तक गेलेच. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ सालचा पहिला संग्रह इथे आला, बांधला गेला, साखळीने जखडला गेला. पुढे १६६४ च्या सुमारास नवी आवृत्ती आली, तेव्हा बहुधा ‘जुनी आता कशाला?’ म्हणून तो विकला गेला. १९०५ साली एक तरुण जुन्या बांधणीविषयी विचारायला एक पुस्तक घेऊन आला. पाहतात तो बांधणी आपलीच, साखळीची खूणही तीच! एका श्रीमंत अमेरिकन संग्राहकाने तीन हजार पौंड देऊ केले होते. तेवढीच रक्कम लोकवर्गणीने उभी करून ग्रंथालयाने १९०६ मध्ये आपले पुस्तक परत घेतले.

हे ऐकले आणि माझा घसा दाटून आला. जागा बदलताना दादांची पुस्तके मीच रद्दीत घातली होती. ‘नव्या आवृत्त्या मिळतात की,’ असे सौ.ला मीच समजावले होते. नव्या आवृत्त्या मिळतात हो. पण समासात दादांनी पेन्सिलीने लिहिलेले कुठून मिळणार? माझ्या पुस्तकांना ना साखळी होती, ना खूण. तीन हजार पौंड असले तरी ती शोधू कुठे?

यंदा दिवाळीची साफसफाई काढाल, तेव्हा रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी प्रत्येक पुस्तकाचे पहिले पान एकदा उघडून पाहा. कुणाचे तरी अक्षर असेल.