घर ओढत गिब रिव्हर रोडवर

ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाला किंबर्ली नावाचा मुलूख आहे. क्षेत्रफळ सव्वाचार लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राहून मोठा; आणि वस्ती चाळीस हजारांच्या आत. या मुलखाच्या पोटातून, डर्बी गावापासून पूर्वेला थेट कनुनुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यापर्यंत, सुमारे ६६० किलोमीटरची एक वाट जाते. तिचं नाव गिब रिव्हर रोड. डर्बीकडचा शंभरेक किलोमीटरचा भाग डांबरी, मधले काही चढ डांबरी, बाकी बहुतेक लाल माती, खडी आणि नदीनाले.

मे महिना उजाडला की या वाटेवर माणसं घरं ओढत निघतात. ओढत म्हणजे शब्दशः. पुढे दणकट फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी, मागे तिला जोडलेला चाकांवरचा ट्रेलर. त्यात पलंग, ओटा, फ्रीज, पाण्याची टाकी, काहींत न्हाणीघरसुद्धा. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केल्यापासून आपल्याकडेही हा शब्द कानावर पडू लागला. पण आपल्या डोळ्यांसमोर येते ती स्वतःच्या इंजिनावर धावणारी बस. ऑस्ट्रेलियात कॅरॅव्हॅन म्हटलं की बहुतेकदा हा मागे जोडायचा ट्रेलर. निवृत्तीनंतर तो घेऊन महिनोन्‌महिने देश पालथा घालणाऱ्यांना तिथे ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात, आणि किंबर्लीच्या हंगामात त्यांची गर्दी असते.

हा रस्ता पर्यटकांसाठी बांधलाच नव्हता. किंबर्लीत लाखो एकरांची गुरांची कुरणं आहेत. तिथे त्यांना ‘स्टेशन’ म्हणतात. तिथली गुरं बंदरापर्यंत न्यायची म्हणजे आठवडेच्या आठवडे हाकत न्यावी लागत, आणि वाटेत ती रोडावत. त्यावर १९४९ मध्ये एक अचाट तोडगा निघाला: ग्लेनरॉय स्टेशनवर कत्तलखाना काढून मांस विमानाने विंडम बंदराला धाडायचं. रस्त्याआधी विमान! पुढे १९६०च्या दशकात सरकारने गुरांच्या वाहतुकीसाठी रस्ते बांधायला घेतले, गिब रिव्हर रोड आकाराला आला, आणि विमानाची गरज सरली. एकामागून एक ट्रेलर जोडलेले अजस्र ट्रक आजही इथून धावतात. समोरून तसा एखादा आला की कॅरॅव्हॅनवाल्याने मुकाट्याने कडेला घेऊन धूळ बसेपर्यंत थांबावं, हे उत्तम.

नवख्याला भीती वाटते ती नद्यांची आणि मगरींची. प्रत्यक्षात गाड्यांचे हाल करतो तो रस्त्याचा पृष्ठभाग. पन्हळी पत्रा आडवा पसरावा तशा बारीक, समांतर लाटा मैलोन्‌मैल उमटलेल्या असतात. त्या का उमटतात, याचा शोध निकोला टाबर्ले, स्टीफन मॉरिस आणि जिम मॅकेलवेन या संशोधकांनी घेतला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी फिरत्या गोल मंचावर वाळू पसरली आणि तिच्यावर एक चाक टेकवलं. थोड्याच वेळात लाटा उठल्या. वाळूचे कण बदलले, चाक बदललं, तरी उठल्याच. चाक एखाद्या बारीकशा उंचवट्यावरून किंचित उडतं, पलीकडे आपटतं, तिथली माती पुढे ढकलतं आणि पुढचा उंचवटा तयार करतं. ठरावीक वेगाच्या खाली हे होत नाही. पण तो वेग इतका कमी, की त्या वेगाने कोणी गाडी चालवायची म्हटली तर रस्ता हवाच कशाला? रस्ता सपाट करणारं ग्रेडर यंत्र फिरून गेलं की चार दिवस सुख, मग वाहनं वाढली की लाटा पुन्हा हजर.

या लाटांवर गाडी आणि ट्रेलर यांचं जमत नाही. हलक्या गाडीचा चालक ताशी सत्तर-ऐंशीचा वेग पकडतो. चाकं लाटांच्या माथ्यांवरून तरंगल्यासारखी जातात, हादरे कमी होतात. तेवढ्यापुरती पकडही कमी होते, हा भाग वेगळा. मागे दोन-अडीच टनांचं घर असेल तर मात्र प्रत्येक लाट त्याच्या शॉकॲब्सॉर्बरला दाबते आणि सोडते, मिनिटाला शेकडो वेळा. आतलं तेल तापतं, पातळ होतं, शॉक धक्का झेलायचं सोडतो आणि मग सगळा मार स्प्रिंगवर, ॲक्सलवर, चेसिसच्या वेल्डिंगवर येतो. जाणते लोक म्हणूनच तासाभराने थांबतात, ट्रेलरच्या चाकाजवळ वाकतात आणि हाताचा मागचा भाग हबजवळ, शॉकजवळ नेऊन बघतात. चटका बसत असेल तर चहा होईपर्यंत मुक्काम तिथेच. गाडीची ताकद कितीही असो, इथला वेग मागचं घर ठरवतं. हे ज्याला पटतं त्याची सहल होते. न पटणाऱ्याची टो-ट्रकवाल्याशी ओळख होते, आणि या भागात ती फार महागात पडते.

दुसरा उपाय टायरमधली हवा. डांबरावर ३८-४० पीएसआय असलेली हवा मातीवर उतरताच पाव हिश्श्याने, कधी त्याहून जास्त कमी करायची. गाडीची आणि ट्रेलरचीही. टायर थोडा पसरतो, टोकदार खडीला लवून जातो, हादरे स्वतः गिळतो. मात्र हवा कमी केल्यावर वेगही कमीच हवा, नाहीतर टायरच्या भिंती तापून फाटतात. शहाणे प्रवासी ट्रेलरला गाडीच्याच मापाची चाकं बसवून घेतात, म्हणजे जादा चाक दोन्हीकडे चालतं.

आता एक गंमत. गाडीची मागची चाकं खडे उडवतात. ते मागे जाऊन ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावर किंवा तिथल्या पेटीवर आपटतात, उलटे फिरतात आणि थेट गाडीची मागची काच फोडतात. मागून दगड कोणी मारला म्हणून माणूस वळून बघतो, तर मागे आपलंच घर! त्यासाठी ट्रेलरच्या तोंडाशी जाड जाळी बांधतात. खडा तिच्यात आदळून खाली पडतो. जाळी नसली तर काचेवर चिकटपट्टीने पुठ्ठा लावून भागवणारेही असतात. दिसायला कळकट, पण काच वाचते.

धुळीचं शास्त्र त्याहून मजेदार. बुलडस्ट म्हणतात ती पिठासारखी लाल धूळ खड्ड्यांत पाण्यासारखी साचते आणि पळत्या ट्रेलरच्या मागच्या बाजूला हवेचा दाब कमी झाला की दाराच्या, खिडकीच्या फटींतून आत ओढली जाते. सगळ्या फटी बुजवणं शक्य नसतं. मग छतावर पुढे तोंड करून एक छोटं झडप बसवतात. चालत्या गाडीत त्यातून गाळलेली हवा आत घुसते, आतला दाब बाहेरपेक्षा वाढतो आणि धुळीला आत यायला वावच उरत नाही. ते उघडायला विसरलं, तर संध्याकाळी पांघरुणापासून पिठाच्या डब्यापर्यंत सगळं एकाच रंगाचं.

जोडणीचाही विचार वेगळा. साध्या रस्त्यावरच्या ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर ट्रेलर अडकवला तर गाडी ओढ्यात उतरताना आणि ट्रेलर अजून वर असताना तो कोन झेपत नाही. म्हणून आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना मोकळं वळणारी ऑफ-रोड हिच लावतात. वजनाचा हिशेब तर सोडूनच चालत नाही. टोयोटा लँड क्रूझरसारख्या गाडीला ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढायची परवानगी असते, पण खडबडीत रस्त्यावर त्या आकड्याच्या जवळही जाऊ नये. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हिचवर यावा अशी मांडणी करतात; सामान मागे कोंबलं की ट्रेलर शेपूट हलवू लागतो आणि मग सावरणं कठीण. दोन टनांवरच्या ट्रेलरला सगळ्या चाकांवर ब्रेक हवेत आणि तो सुटलाच तर ब्रेक आपोआप लागले पाहिजेत, असा तिथला कायदाच आहे.

हे सगळं सांभाळून पाहायला काय मिळतं? डर्बीहून निघाल्यावर लवकरच गोरखचिंचेचे भाऊबंद भेटतात. आपल्याकडे आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच काही जुन्या ठिकाणी दिसते. तिच्याच कुळातला, तसाच फुगलेल्या बुंध्याचा ‘बोॲब’ ऑस्ट्रेलियात मुख्यतः याच भागात आढळतो. मग विंजना घळ: कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्यातल्या प्रवाळभिंतीचे हे कडे, आणि तळाच्या पाण्याकाठी उन्हात पसरलेल्या गोड्या पाण्यातल्या मगरी. जवळच्या टनेल क्रीकच्या अंधाऱ्या भुयारातून विजेरी घेऊन पाण्यातून चालत जाता येतं. बुनुबा जमातीचा योद्धा जंदमारा याने गोऱ्या वसाहतवाल्यांशी याच डोंगरांत झुंज दिली आणि १८९७ मध्ये टनेल क्रीकपाशीच तो मारला गेला. साधारण अर्ध्या वाटेवर माउंट बार्नेटला पेट्रोलपंप आणि दुकान आहे. दोन-तीनशे किलोमीटरनंतर डिझेलचा भाव बघून कोणी कुरकुरत नाही.

पूर्वेच्या टोकाशी पेंटेकोस्ट नदी. पात्र रुंद, तळ दगडगोट्यांचा, समोर कॉकबर्न डोंगररांगेची लाल भिंत. एरवी अनोळखी पाण्यात गाडी घालण्याआधी पायी उतरून खोली बघायची, हा नियम. इथे तो मोडायचा, कारण पाण्यात खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. काठावर थांबून समोरून येणाऱ्या गाडीच्या चाकावर पाणी कुठवर पोचतं ते बघायचं, लो गिअर टाकायचा आणि न थांबता, गिअर न बदलता, सावकाश पार व्हायचं.

आणखी एक युक्ती अनुभवी लोक वापरतात: ट्रेलर सोडून देणं. उत्तरेला मिचेल धबधब्याकडे फुटणारा रस्ता मुख्य वाटेहूनही वाईट आहे. तिकडे जाणारे अनेकजण ड्राइसडेल रिव्हर स्टेशनवर कॅरॅव्हॅन ठेवतात आणि तंबू घेऊन नुसत्या गाडीने पुढे जातात. लाखो रुपये मोजून घेतलेलं घर मागे टाकायचं कित्येकांच्या जिवावर येतं. या वाटेवरचे तुटलेले ॲक्सल बहुधा अशाच हट्टाचे.

नोव्हेंबरनंतर पावसाळा सुरू होतो आणि रस्ता बंद होतो. नद्या ओसरून तो पुन्हा उघडेपर्यंत एप्रिल-मे उजाडतो. शेजारच्या नॉर्दर्न टेरिटरीतून येणाऱ्यांची कनुनुराजवळच्या नाक्यावर झडती होते. ताजी फळं, भाज्या, मध राज्यात आणता येत नाहीत, म्हणून नाक्याच्या अलीकडे कॅरॅव्हॅनमध्ये उरलेल्या भाज्या संपवायची घाई दिसते. दरम्यान डांबर थोडंथोडं पुढे सरकतं आहे. हौशी प्रवाशांना त्याचं वाईट वाटतं. रस्त्यालगतच्या आदिवासी वस्त्यांना आणि स्टेशनांना मात्र पावसाळ्यातही दवाखाना आणि दुकान गाठायचं असतं, आणि रस्त्यावर पहिला हक्क त्यांचा आहे.