मसाल्याच्या डब्यातले नटबोल्ट

सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे आपल्याला ठाऊक आहे ते यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून. २०२१च्या डिसेंबरात मात्र हे गाव गाजलं ते दत्तात्रय लोहार यांच्या छोट्याशा गाडीमुळे. लोहारकाम करणारा, फारसं न शिकलेला माणूस. मुलानं गाडीचा हट्ट धरला आणि शोरूममधली गाडी काही परवडणारी नव्हती. मग त्यांनी भंगारातले सुटे भाग जमवले आणि साठेक हजार रुपयांत, मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी चारचाकी घरीच उभी केली. तिचा व्हिडिओ मोबाइल-मोबाइलवर फिरला. तो आनंद महिंद्रांनी पाहिला. ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या तिला अडवतीलच, असं सांगून त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. २०२२च्या जानेवारीत ती लोहारांच्या दारात आलीसुद्धा!

अशी गोष्ट ऐकली की आपण म्हणतो, बघा बापाचं काळीज. खरंच आहे ते. पण एक सांगू का मैत्रिणींनो, आपण आई-बाप मुलांसाठी पुष्कळ करतो, मुलांबरोबर फार कमी करतो. त्यातून पोरं चौदा-पंधराची झाली की विचारूच नका. जेवायला ये, अभ्यास झाला का, तो मोबाइल ठेव... एवढ्यावरच बोलणं येऊन थांबतं. अमेरिकेत आजोबांची जुनी फोर्ड नाहीतर शेव्हरलेट पिकअप बाप-लेक सुट्टीच्या दिवशी खोलून बसतात, वर्ष-दोन वर्षं तिच्यावर खपतात. तिथल्या बऱ्याच राज्यांत सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, त्यामुळे पोराचाही जीव त्यात असतो. आपल्याकडे कुठलं आलंय असं? पण आमच्या घरी २०२५च्या उन्हाळ्यात ते घडलं. फक्त बाप-लेकाच्या जागी माय-लेकी होत्या.

आम्ही गोरेगावचे. मुंबईचं नाही हो, हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. घरची शेती, सोयाबीन आणि हळद. शिवाय माझी हळद-मिरची कांडपाची गिरणी, त्यामुळे पट्टा, बेअरिंग, ग्रीस हे शब्द मला माहेरच्या माणसांइतके ओळखीचे. घरामागं लिंबाखाली मामंजींची महिंद्रा पिकअप उभी होती. पुढून जीप, मागे हौदा, १९९३ची. नंबरपाटीवर एमएच २२, म्हणजे परभणी. हिंगोली जिल्हा झालाच मुळी १ मे १९९९ला, आपला एमएच ३८ त्याच्या नंतरचा. २०१४ साली मामंजी गेले तेव्हापासून गाडी जागची हलली नव्हती. कोंबड्या हौद्यात अंडी घालायच्या. भंगारवाला दर दिवाळीला चक्कर मारायचा, शेवटी ३५ हजार भाव लावून गेला. घरात सगळे हो म्हणाले, आत्याबाई तेवढ्या गप्प बसल्या. मामंजींनी ती बँकेचं कर्ज काढून घेतलेली. माझी लेक जन्मली त्या रात्री मला हिंगोलीच्या दवाखान्यात पोचवलं तेही हिनंच.

लेकीचा दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये झाला. दुसऱ्या दिवशी म्हणते कशी, "आई, गाडी विकायच्या आधी मी एकदा उघडून बघू का?"

"काय बघायलीस त्यात? उंदरं निघतील."

उंदरं निघालीच. सीटच्या काथ्यात घरटं, वायरिंग कुरतडून फस्त, टाकीतल्या डिझेलचा डिंक झालेला. तरी पोरगी मागं हटेना. मग मी गावातल्या मिस्त्रींना बोलावलं. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाशीवर टॉमीनं ठोकून बघितलं आणि म्हणाले, "पत्रा गेलाय, चाशी चांगली आहे. चाशी गेली असती तर हात लावू नका म्हणालो असतो." जुनी गाडी घेऊन बसायचं मनात असेल त्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. पत्रा बदलता येतो, गंजून भोकं पडलेली चाशी म्हणजे पैशाला आग.

इंजिन जाम होतं. चाचांनी हीटर प्लग काढायला लावले, त्या भोकांतून डिझेल आणि ऑइल सोडलं आणि सांगितलं, सेल्फ मारायचा नाही, रोज सकाळी मोठा पाना लावून हातानं फिरवून बघायचं. रोज सकाळी सहाला लेक पाना लावायची. आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी क्रँक पाव फेरा फिरला. ती ओरडली ती अशी, की शेजारच्या काकू धावत आल्या.

या गाड्यांचं एक बरं आहे. महिंद्रा कंपनी १९४५ साली सुरू झाली ती महिंद्रा अँड महंमद या नावानं. पुढं त्यातले मलिक गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. अमेरिकेच्या विलीज जीपची जोडणी मुंबईत सुरू झाली ती त्याच सुमारास. आमच्या गाडीतलं डिझेल इंजिन मूळ फ्रान्सच्या प्यूजोचं, २११२ सीसीचं. त्या परवान्यावर आपल्याकडे इगतपुरीच्या कारखान्यात इंजिनं बनायची. याच इंजिनाच्या जीपा मराठवाड्यात गावोगाव धावल्या, म्हणून नांदेड-परभणीच्या दुकानांत आजही तिचे भाग मिळतात. हौसेपोटी भलतीच दुर्मिळ गाडी घ्याल तर एका रबरासाठी वर्षभर थांबाल.

खोललेला प्रत्येक नट कुठला, हे लक्षात ठेवणं हे खरं अवघड काम. लेकीनं त्यासाठी माझा जुना मसाल्याचा डबा पळवला. एका वाटीत रेडिएटरचे बोल्ट, एकीत पंपाचे, मधल्या वाटीत वायसर, वर चिठ्ठ्या. मी आधी चिडले. दोन आठवड्यांनी मीच तिला दुसरा डबा काढून दिला.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. ब्रेकचे सिलिंडर सगळे धरले होते. चारही चाकांना नवे किट टाकले, आणि मग पाइपातली हवा काढायची. हे काम एकट्या माणसाला होत नाही. एकानं आत बसून पायानं ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं खाली झोपून चाकामागची निप्पल सैल करायची, हवेचे बुडबुडे आणि तेल बाहेर आलं की आवळायची, आणि ती आवळेपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही. उचलला की हवा परत आत. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबचं चाक आधी घ्यायचं. चाचांनी गाडी घोड्यांवर चढवून दिली होती. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणी जायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम, आणि तो मोडला तर ते काम बंद करून निघून जात. लेक खाली, मी वर.

"दाब... धर... धर गं आई, सोडू नकोस!... हं, आता सोड."

सोळा वर्षं मी तिला हुकूम सोडले. त्या दिवशी ती सांगेल तसा माझा पाय वरखाली होत होता. तिसऱ्या चाकाशी होतो तेव्हा गाडीखालून आवाज आला, "आई, मला अकरावी सायन्स नको."

एरवी मी लगेच सुरू झाले असते. का नको, कोण काय म्हणालं, पप्पांना काय सांगायचं? पण पाय ब्रेकवर होता आणि उठता येत नव्हतं. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, माझं तिला दिसत नव्हतं. ती बोलत राहिली. आयटीआयला जायचंय, डिझेल नाहीतर मोटर मेकॅनिकला. ट्यूशनची भीती वाटते म्हणून नाही, हे आवडतं म्हणून. आणि घरात सांगितलं तर हसतील. "दाब," ती मध्येच म्हणायची. मी दाबायची. चार चाकं होईपर्यंत पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात ती जेवढं बोलली तेवढं मागच्या दोन वर्षांत बोलली नव्हती.

ह्यांना सांगणं सोपं गेलं नाही. त्याच सुमारास पाहुणे आले होते, लेकीसाठी एक स्थळ सुचवायला! सोळाव्या वर्षी! त्यांनी बघितलं तर पोरगी बापाचा जुना शर्ट घालून, कोपरापर्यंत काळी, गाडीखालून बाहेर सरकतेय. पाहुणीबाई म्हणाल्या, "हे काय करायली माय तुमची पोरगी?" मी सांगितलं, अठराच्या आत लग्न लावणं हा गुन्हा आहे, तेवढा वेळ तिला गाडी करू द्या. पुढं हिंगोलीतही त्याची चर्चा झाली म्हणे. ह्यांना राग आला तो पाहुण्यांचा की माझा, हे मी विचारलं नाही. आत्याबाई मात्र त्या संध्याकाळी पहिल्यांदा लिंबाखाली येऊन बसल्या आणि नातीला म्हणाल्या, "तुझे आबा हौद्याच्या फळीला तेल पाजत होते दर पावसाळ्याच्या आधी. ते करजो."

खर्चाचं स्पष्टच सांगते, कारण असल्या लेखांत तो सांगत नाहीत. वही लेकीनं ठेवली होती. डिझेल पंपाची दुरुस्ती, बॅटरी, चार टायर, वायरिंग, ब्रेक, वेल्डिंग, रंग, चाचांची मजुरी मिळून ९४ हजार. कागदपत्रांचा खर्च त्यात धरलेला नाही. निम्मे गिरणीतून, निम्मे ह्यांनी हळदीच्या पैशातून दिले, तोंड वाकडं करून का होईना. बाजारात विकली तर एवढे येणार नाहीत. काम आम्ही सकाळी सहा ते नऊ आणि सूर्य कलल्यावर करायचो. मधल्या वेळात पत्र्याला हात लागत नव्हता. ब्रेक खोलताना जुन्या लायनरची धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. तिच्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसाला वाईट. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग जातो, लगेच पाणी ओतायचं.

आणि कागद! ते पानं हातात घ्यायच्या आधी बघा. मालक वारले असतील तर गाडी वारसाच्या नावावर करायला ३१ नंबरचा फॉर्म लागतो. हौदा असलेली गाडी मालवाहू, तिला दरवर्षी फिटनेस. त्यात थकलेला कर, पर्यावरण कर, विमा, पीयूसी. पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांची फी एप्रिल २०२२पासून खूप वाढली आहे, तेव्हा आरटीओत चौकशी करून मगच हिशोब मांडा. सरकारनं २०२१ साली व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, पण तिला गाडी पन्नास वर्षांची लागते, आणि ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. आमच्या गाडीला त्यासाठी २०४३ उजाडेल. फिटनेसला आमची गाडी पहिल्यांदा हँडब्रेकवर अडली. लेकीनं केबल आवळली, दुसऱ्या खेपेला ती पास झाली.

लेक गाडी चालवत नाही. गावात तिच्या वयाची पोरं ट्रॅक्टरसुद्धा हाकतात, म्हणून ती माझ्याशी भांडली. पण चारचाकीचं लायसन्स अठरानंतर, आणि २०१९च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो. गिअर, क्लच, इंजिन सगळं तिच्या हाताखालून गेलेलं, आणि चाक मात्र दुसऱ्याच्या हातात. तिला ते लागतं, मला दिसतं. म्हणून दिवाळीनंतर मीच हिंगोलीला जाऊन शिकाऊ लायसन्स काढलं. ती शेजारी बसून माझा क्लच ऐकते आणि प्रत्येक वेळी तोंड करते.

ह्यांना मी एक दिवस आयटीआय दाखवायला घेऊन गेले. मेकॅनिक डिझेल एका वर्षाचा, मोटर व्हेईकल दोन वर्षांचा, मुलींसाठी जागा राखीव. त्यांनी वर्कशॉपमध्ये उघडं पडलेलं इंजिन बघितलं, बराच वेळ बघितलं, बोलले काहीच नाहीत. फॉर्मवर सही केली. आता ती मोटर व्हेईकलला आहे. तिच्या तुकडीत मुली थोड्याच आहेत. पाहुण्यांत हे अजूनही "कॉलेजला आहे" एवढंच सांगतात.

या हंगामात आमची हळद तिच्या आबांच्या गाडीतूनच बाजारात गेली. फक्त डाव्या दाराची काच खालीवर करायची मूठ अजून मिळालेली नाही. तिथं सध्या पक्कड लावलेली आहे, आणि ती माझ्या गिरणीतली आहे.