सिलिकॉनच्या बाहुलीला तेल का सुटतं? पुसलं तरी ते पुन्हा का येतं?

बाहुली खोक्यातून काढली तेव्हा तिची त्वचा खऱ्या बाळासारखी मऊ होती. काही आठवड्यांनी हात लावला, तर बोटं चिकट झाली. झबल्यावर तेलकट डाग पडले होते आणि पायांना धूळ, केस, कापसाचे धागे चिकटले होते. ओल्या फडक्याने पुसलं की दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच सुरू होतं.

सिलिकॉनची बाहुली घेणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. मग प्रश्न पडतात. बाहुली खराब झाली का? हे तेल विषारी आहे का? आणि ही बाहुली फेकून द्यायची का?

हे फक्त खेळणं नसतं

हुबेहूब नवजात बाळासारख्या दिसणाऱ्या या बाहुल्यांना 'रीबॉर्न' म्हणतात. हौशी लोक त्या जमवतात. सिनेमा आणि मालिकांच्या चित्रीकरणात खऱ्या बाळाऐवजी अशा बाहुल्या वापरतात. परदेशातल्या अनेक वृद्धाश्रमांत स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांना बाहुली दिली जाते. तिला मांडीवर घेतलं, थोपटलं की त्यांच्यापैकी काहींची अस्वस्थता कमी होते. अशा आजींसाठी ते बाळच असतं. त्यामुळे 'चिकट झाली, टाकून द्या' हे इतकं सोपं नसतं. दिवसभर छातीशी धरल्या जाणाऱ्या या वस्तूतून नेमकं काय बाहेर पडतंय, हे कळणं गरजेचं आहे.

तेल येतं कुठून?

सिलिकॉन, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू आलटून पालटून जोडलेल्या लांबच लांब साखळ्या. बाहुली बनवताना दोन द्रव भाग एकत्र करून साच्यात ओततात. प्लॅटिनम किंवा कथिलाच्या संयुगामुळे या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि त्यांचं जाळं तयार होतं. या जाळ्यामुळेच द्रवाचं रबर बनतं.

पण हे रबर बाळाच्या गालाइतकं मऊ नसतं. म्हणून कारागीर त्यात सिलिकॉन तेल मिसळतात. हे तेलही त्याच जातीचं असतं, फक्त त्याच्या साखळ्या सुट्या असतात. त्या जाळ्याला बांधलेल्या नसतात, नुसत्या त्याच्या पोकळीत शिरून बसतात आणि रबर लुसलुशीत होतं.

गुलाबजाम पाक पितो, पण त्याच्या मर्यादेपर्यंतच. त्यानंतर दाबला की पाक गळतो. इथेही तसंच होतं. जाळं सामावून घेईल त्यापेक्षा जास्त तेल घातलं, तर ते हळूहळू पृष्ठभागावर येतं. जितकी मऊ बाहुली, तितकी ही शक्यता जास्त.

दोन भागांचं प्रमाण चुकलं किंवा मिश्रण नीट जुळून आलं नाही, तरी सुट्या साखळ्या जास्त उरतात. उष्णतेने तेल पातळ होतं आणि लवकर सरकतं. एकाच कुशीवर महिनोन् महिने ठेवलेल्या बाहुलीच्या दबलेल्या भागातूनही ते बाहेर येतं.

आणि पुसल्यावर पुन्हा का येतं? कारण पुसलं जातं ते फक्त वरचं तेल. पृष्ठभाग कोरडा झाला की आतलं तेल त्या दिशेने सरकतं. जास्तीचं तेल संपेपर्यंत हे चालू राहतं.

हे तेल विषारी आहे का?

सिलिकॉन तेलाचं शास्त्रीय नाव पॉलिडायमिथाइलसिलॉक्सेन. तळणाच्या तेलाला फेस येऊ नये म्हणून हाच पदार्थ अगदी अल्प प्रमाणात वापरतात. तान्ह्या बाळांना गॅससाठी देतात त्या थेंबांतलं सिमेथिकोनही याच पदार्थापासून बनतं. त्यामुळे हाताला तेल लागलं म्हणून घाबरायचं कारण नाही. मात्र बाहुलीचं सिलिकॉन औषधाच्या दर्जाचं असेलच असं नाही, त्यात रंगही असतात. म्हणून ती लहान मुलांना तोंडात घालू देऊ नये.

खरी काळजी वेगळी आहे. 'सिलिकॉन' म्हणून विकली जाणारी प्रत्येक बाहुली सिलिकॉनची नसते. अनेक मऊ बाहुल्या पीव्हीसीच्या, म्हणजे व्हिनाइलच्या असतात. पीव्हीसी मऊ करण्यासाठी बऱ्याचदा थॅलेट गटातली रसायनं वापरली जात, आणि तीही अशीच बाहेर येतात. १९५९ साली बाजारात आलेल्या बार्बीच्या जुन्या बाहुल्यांचे पाय चिकट होतात, ते मऊ करणारं रसायन असं बाहेर आल्यामुळेच.

काही थॅलेट शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. म्हणून युरोप आणि अमेरिकेत मुलांच्या खेळण्यांत अशा ठरावीक थॅलेटचं प्रमाण ०.१ टक्क्यावर जाऊ देत नाहीत. भारतातही १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे.

दोन्ही ओळखायचं कसं? सिलिकॉन हाताला जड लागतं आणि त्याला जवळपास वास नसतो. नव्या व्हिनाइलला प्लॅस्टिकचा वास येतो आणि पोकळ बाहुली हलकी असते. हा अंदाज आहे, खात्री प्रयोगशाळेतच होते. पण स्वस्तात घेतलेली, उग्र वासाची आणि चिकट झालेली बाहुली मुलांच्या हातात न देणं बरं.

मग करायचं काय?

१. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे किंवा भांड्यांच्या लिक्विडचे दोन-चार थेंब घालून हाताने हळुवार धुवावं. घासणी किंवा ब्रश वापरू नये. धड कापडाचं असेल, तर ते भिजू न देता फक्त हात, पाय आणि चेहरा पुसून घ्यावा.

२. धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपून घ्यावं. चोळल्यास रंग जाऊ शकतो. मग सावलीत पूर्ण वाळू द्यावं.

३. मऊ ब्रशने कॉर्नफ्लोअरचा अगदी पातळ थर द्यावा आणि जास्तीचा झटकून टाकावा. पीठ तेल शोषतं आणि चिकटपणा घालवतं. ते तेल थांबवत नाही, म्हणून गरजेप्रमाणे पुन्हा लावावं लागतं.

सुरुवातीला हे दर आठवड्याला करावं लागेल. दोन वेळांमधलं अंतर वाढत गेलं, म्हणजे जास्तीचं तेल संपत आलं.

हे मात्र टाळा

थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नये. पेट्रोल-थिनरने सिलिकॉन फुगतं आणि रंग उतरतो. खोबरेल किंवा बेबी ऑइल लावल्याने तेलकटपणा वाढतोच. गडद रंगाचे कपडे आणि वर्तमानपत्राची शाई यांचे डाग सिलिकॉनमध्ये मुरतात आणि मग निघत नाहीत. म्हणून नवा कपडा आधी धुवावा आणि बाहुली पांढऱ्या सुती कापडात गुंडाळावी.

एप्रिल-मेमध्ये तापणारा माळा, बंद गाडी, खिडकीतलं ऊन या जागा नकोत. वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या एकमेकींना चिकटवून ठेवू नयेत, कारण एकीतलं रसायन दुसरीत उतरू शकतं. अधूनमधून कूसही बदलावी.

परत कधी करायची?

थोडं तेल सुटणं हा मऊपणाबरोबर येणारा गुण आहे. पण काही महिने धुऊनही थेंब जमत असतील, पृष्ठभाग चिकट गोंदासारखा राहत असेल किंवा दाबल्यावर तुकडे सुटत असतील, तर मिश्रणातच चूक आहे. ते घरी दुरुस्त होत नाही. फोटो आणि बिल घेऊन विक्रेत्याकडे तक्रार करणं हाच मार्ग. म्हणूनच घेताना दोन गोष्टी विचारून ठेवाव्यात: सिलिकॉन प्लॅटिनमवर बनवलंय का, आणि तेल सुटलं तर बाहुली परत घेणार का?