पहिले 28 दिवस

फेब्रुवारी 2020मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला, तेव्हा मुख्यमंत्रीही पाहायला आले. रसायनांचा गर्भावरचा परिणाम असा डोळ्यांना दिसत नाही. शंभरातल्या साधारण तीन बाळांत जन्मजात व्यंग असतं. बहुतेकांचं कारण सापडत नाही. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात, ती नळी गर्भधारणेनंतर 28 दिवसांत मिटते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. मग त्या दिवसांत हवेत काय होतं, हे नऊ महिन्यांनी कुठून शोधणार? जपानमधल्या मिनामाताच्या पाऱ्यानं गर्भातल्या बाळांना इजा झाली, हे सिद्ध झालं. कारखान्यांतल्या सॉल्व्हंटबद्दल (द्रावक रसायनांबद्दल) मात्र वाद आहे: काही अभ्यासांत संबंध दिसतो, काहींत नाही. तेवढ्यावर निर्धास्त राहणं मला पटत नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या प्रत्येक प्रसूतिगृहानं व्यंगाबरोबर आईचा गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतला पत्ता आणि काम यांची नोंद ठेवायलाच हवी.