अन्ननलिकेत गुणसूत्रांची उलथापालथ

जठरातलं आम्ल आणि पित्त वर्षानुवर्षं वर उसळत राहिलं, की काहींच्या अन्ननलिकेचं खालच्या टोकाचं अस्तरच बदलतं. चपट्या पेशी जाऊन आतड्यात असतात तशा उभट पेशी येतात. हा बॅरेट्स इसोफेगस, कर्करोगाच्या आधीची पायरी. लंडनचे सर्जन नॉर्मन बॅरेट यांनी १९५० साली त्यावर लिहिलं, तेव्हा हे छातीत ओढलं गेलेलं जठर आहे असं त्यांचं मत होतं. १९५७मध्ये त्यांनी ते बदललं. नाव मात्र त्यांचंच राहिलं!

घाबरू नका, बॅरेट असलेल्या शंभरांत वर्षाकाठी सरासरी एकालाही कर्करोग होत नाही. मग धोका कुणाला? ते गुणसूत्रं सांगतात.

निरोगी पेशीत ती ४६. बॅरेटच्या अस्तरात ९व्या गुणसूत्राचा तुकडा बऱ्याचदा लवकरच गळतो. त्यावर पेशीविभाजनाला लगाम घालणारं पी१६ जनुक असतं. एवढ्यानं सहसा काही बिघडत नाही. १७व्याची आखूड भुजा गेली, तर मात्र कान टवकारायचे. तिथे पी५३ हे राखणदार जनुक बसलेलं असतं. सिएटलच्या ब्रायन रीड यांच्या गटानं २००१मध्ये दाखवलं, की ही भुजा हरवलेल्यांत कर्करोगाचा धोका १६ पट!

राखणदार गेला, की काही पेशी अख्खा संचच दुप्पट करतात: ४६चे ९२. त्यातली काही गुणसूत्रं पुढे गळतात, काही तुटून भलतीकडे जुळतात. पुरुषांत कधीकधी वाय गुणसूत्रच गायब! अशा गोंधळाचा कर्करोगाशी संबंध थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ सालीच मांडला होता, आणि माणसाची गुणसूत्रं ४६ हे ठरलं १९५६मध्ये. केवढी झेप ही!

केंब्रिजच्या संशोधकांनी २०२०मध्ये जुन्या बायॉप्सींमधली ही उलथापालथ मोजली, तर काहींच्या बाबतीत धोक्याची खूण निदानाच्या १० वर्षं आधीच सापडली.

भारतात अन्ननलिकेचा कर्करोग बहुतेकदा वेगळा, चपट्या पेशींचा, तंबाखू आणि दारूशी जोडलेला. त्यात अनेकदा ११व्या गुणसूत्राच्या एका तुकड्याच्या जादा प्रती दिसतात.

बॅरेट ओळखण्यासाठीच्या तपासणीची एक युक्ती भन्नाट आहे. व्हिटॅमिनच्या गोळीएवढी, दोरा बांधलेली कॅप्सूल गिळायची. पोटात ती विरघळते, आतला स्पंज फुलतो आणि काही मिनिटांनी दोऱ्यानं वर ओढतात. भूल नको, एंडोस्कोपी नको. स्पंजला चिकटून आलेल्या पेशींत पी५३ बिघडलंय का, तेही पाहता येतं.