डुगडुगती फळी

फिजिओथेरपीच्या खोलीतली ही फळी दिसायला साधीच: वर सपाट लाकूड, खाली मधोमध अर्धगोल बूड. डाउन सिंड्रोम असलेलं मूल तिच्यावर चढतं ते पाय फाकवून, गुडघे ताठ धरून. समोरची ताई चेंडू जरा डावीकडे धरते. मूल हात लांबवतं, फळी कलते, पायाची बोटं लाकूड पकडू पाहतात आणि घोटा सावरून घेतो, पण क्षणभर उशिरा. या उशिराचं खापर नेहमी ढिल्या स्नायूंवर आणि सैल सांध्यांवर फोडलं जातं. दोन्ही दोष खरे आहेत. पण 1985 साली अ‍ॅन शमवे-कुक आणि मार्जोरी वुलाकॉट यांनी अशा काही मुलांना सरकत्या पाटावर उभं केलं, तेव्हा स्नायू ताणला जाताच येणारा त्याचा पहिला झटका वेळेवरच येत होता. रेंगाळत होती ती मेंदूकडून येणारी, सगळं शरीर सावरणारी हालचाल. मग नुसती ताकद वाढवून कसं भागेल? अवचित तोल जाणं आणि तो सावरणं, हेच पुन्हा पुन्हा घडायला हवं, आणि ते खेळात आपसूक घडतं. लिंबू-चमच्यात नजर लिंबावर खिळते, म्हणून जमिनीचा अंदाज पावलांना घ्यावा लागतो. ठिकरीत एका पायावर वाकून खापरी उचलायची, हे तर फळीहूनही अवघड.

यावर आक्षेप असा की गुण सरावाचा आहे, खेळाचा नाही. डेल उलरिक यांच्या 2001च्या अभ्यासात घरच्यांनी बाळांना छोट्या ट्रेडमिलवर धरून रोज आठ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस पावलं टाकायला लावली; ती बाळं इतरांपेक्षा सरासरी 101 दिवस आधी चालू लागली. त्यात खेळ कुठे होता? मुद्दा बिनतोड वाटतो, पण बाळाला धरून ठेवता येतं. सात वर्षांचं मूल कंटाळलं की फळीवरून उतरून निघून जातं. त्याचा सराव टिकवायचा तर खेळच हवा.

काळजीच्या गोष्टी मात्र बऱ्याच आहेत. यातल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. त्यांना कोलांटउडी आणि ट्रॅम्पोलिन धोक्याचं. मान दुखू लागली, चाल बदलली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर खेळ थांबवून लगेच डॉक्टर गाठायला हवा. जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो, त्यामुळे दमणूकही जपावी लागते. अभ्यास बहुतेक थोड्याच मुलांवर झालेले; फळीवर कमावलेला तोल शाळेच्या जिन्यावर कितपत उतरतो, हे त्यांतून ठामपणे सांगता येत नाही. आणि सोसायटीच्या अंगणात अशा मुलाला प्रेमानं कच्चं लिंबू करतात. मग त्याच्यावर राज्य येत नाही, त्याला कुणी पकडत नाही, म्हणून पळता पळता गर्रकन वळण्याची वेळही त्याच्यावर येत नाही. डाव थोडा संथ करावा, रिंगण लहान आखावं, पण राज्य त्याच्यावरही येऊ द्यावं.